जनतेकडून की निर्वाचकांकडून?

आमच्या धर्मग्रामांतून ज्या घरातले कुणी ना कुणी सातासमुद्रापलीकडे गेलेले नाही, अशी घरे आता थोडीच उरली असतील. त्यामुळे अमेरिकेतील निवडणूक आम्हांला अगदीच परकी वाटत नाही. दर चार वर्षांनी नोव्हेंबर महिन्यात तिची चर्चा आपल्या ओटीवरही रंगते, आणि त्या चर्चेत एक प्रश्न हमखास निघतो : ज्याला मते जास्त पडली तो हरला कसा? सन २००० मध्ये अल गोर यांना जॉर्ज बुश यांच्यापेक्षा पाच लाखांहून अधिक मते मिळाली, तरी अध्यक्ष झाले बुश. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांची आघाडी तर सुमारे २९ लाखांची होती. अध्यक्षपदाची शपथ मात्र डोनाल्ड ट्रम्प यांनी घेतली. लोकशाहीत असे होऊ शकते, हे ऐकून आपल्याकडील साधा मतदार चक्रावतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

या कोड्याचे उत्तर ज्या यंत्रणेत आहे तिला तेथे ‘इलेक्टोरल कॉलेज’ म्हणतात. मराठीत आपण निर्वाचक मंडळ म्हणू. अमेरिकेचा मतदार मतपत्रिकेवर अध्यक्षाचे नाव पाहतो खरा, पण कायद्याच्या दृष्टीने तो निवडतो ते आपल्या राज्याचे निर्वाचक. हे निर्वाचक डिसेंबरात आपापल्या राज्यात जमतात आणि अध्यक्षासाठी मते देतात. प्रत्येक राज्याचे सिनेटर दोन; त्यांत त्या राज्याच्या प्रतिनिधीगृहातील सभासदांची संख्या मिळवली की निर्वाचकांची संख्या निघते. राजधानी वॉशिंग्टनला १९६१ च्या तेविसाव्या घटनादुरुस्तीने तीन निर्वाचक मिळाले. एकूण ५३८, आणि जिंकण्यासाठी २७०.

‘कॉलेज’ हा शब्द ऐकून आमच्या वाचकांना कार्डिनल मंडळाची आठवण झाली तर नवल नाही. शब्दाचे मूळ एकच आहे : एका कामासाठी नेमलेल्या समान अधिकाराच्या माणसांचा समूह. ‘इलेक्टर’ हा शब्दही जुन्या ख्रिस्ती युरोपातला आहे. पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट निवडण्याचा हक्क १३५६ च्या ‘सुवर्णमुद्रांकित’ फर्मानाने सात निर्वाचकांना देण्यात आला, आणि त्यांपैकी तीन होते माइन्झ, ट्रियर व कोलोन येथील महाधर्मप्रांतांचे आर्चबिशप. अमेरिकेच्या घटनाकारांना ही उदाहरणे ठाऊक होती. ती त्यांना आदर्श वाटत नव्हती, उलट धोक्याची वाटत होती. जर्मनीत आणि पोलंडमध्ये राजा निवडायची वेळ आली की शेजारची राष्ट्रे पैसा आणि सैन्य घेऊन मध्ये पडतात, हे मॅडिसन यांनी परिषदेत बोलूनही दाखवले होते. असो. आपल्याला जायचे आहे ते १७८७ च्या फिलाडेल्फियाला.

त्या वर्षी मे महिन्यापासून १७ सप्टेंबरपर्यंत, दारे-खिडक्या बंद करून, ही घटना परिषद चालली. शेवटी घटनेवर ज्या ३९ जणांनी सह्या केल्या त्यांत कॅथलिक दोनच : पेनसिल्व्हेनियाचे टॉमस फिट्झसिमन्स आणि मेरीलँडचे डॅनियल कॅरोल. या कॅरोल यांच्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे आम्हांला भाग आहे.

मेरीलँड ही वसाहत १६३४ मध्ये कॅथलिक कॅल्व्हर्ट घराण्याने वसवली आणि १६४९ मध्ये तेथे सर्व ख्रिस्ती पंथांना सहिष्णुतेचा कायदा झाला. पण १६८९ मध्ये सत्ता प्रॉटेस्टंटांच्या हाती गेली आणि चक्र उलटे फिरले. मिस्सा खाजगी घरातच व्हावी, कॅथलिक शाळा असू नये, असे निर्बंध आले. १७१८ मध्ये कॅथलिकांचा मतदानाचा हक्कही काढून घेण्यात आला. डॅनियल कॅरोल यांचा जन्म १७३० चा. शिक्षणासाठी त्यांना समुद्र ओलांडून सेंत-ओमेर येथील येशूसंघीय धर्मगुरूंच्या विद्यालयात जावे लागले. शेतीवाडी होती, घराणे प्रतिष्ठित होते. पण वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत या गृहस्थाला आपल्याच भूमीत मत नव्हते. १७७६ मध्ये स्वातंत्र्याची घोषणा झाली, मेरीलँडची नवी राज्यघटना झाली, आणि मग कुठे कॅथलिक माणूस मतदार झाला.

परिषदेपुढे अध्यक्षनिवडीचा प्रश्न आला तेव्हा पहिला मसुदा असा होता की राष्ट्रीय विधिमंडळाने अध्यक्ष निवडावा. पेनसिल्व्हेनियाचे जेम्स विल्सन यांनी प्रारंभापासून लोकांकडून निवडणुकीचा आग्रह धरला होता. त्यांचे ऐकायला फार कोणी तयार नव्हते. व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन म्हणाले, असे करणे म्हणजे आंधळ्याकडून रंगांची पारख करून घेण्यासारखे होय. देश एवढा मोठा, रस्ते असे खराब, वर्तमानपत्रे थोडी. जॉर्जियाच्या शेतकऱ्याने मॅसॅच्युसेट्सच्या माणसाची योग्यता कशी ओळखावी? १७ जुलै रोजी मतदान झाले. लोकांच्या बाजूने राज्य एकच, विरोधात नऊ.

तरीही २४ ऑगस्ट रोजी डॅनियल कॅरोल उभे राहिले आणि त्यांनी सूचना मांडली, की ‘विधिमंडळाकडून’ हे शब्द काढून तेथे ‘जनतेकडून’ हे शब्द घालावेत. विल्सन यांनी अनुमोदन दिले. सूचनेबरोबर कॅरोल यांनी काही भाषण केल्याची नोंद मॅडिसन यांच्या टिपणांत नाही. सूचना, अनुमोदन आणि लगेच मते, एवढेच. पेनसिल्व्हेनिया आणि डेलावेअर अनुकूल, बाकी नऊ राज्ये प्रतिकूल. त्या नवांत कॅरोल यांचे स्वतःचे मेरीलँडही होते. ज्याला अर्धे आयुष्य मत नव्हते त्यानेच जनतेच्या मताची मागणी करावी, यात आम्हांला एक संगती दिसते. पण त्यांच्या मनात नेमके हेच होते असा दावा करणे इतिहासाला धरून होणार नाही.

त्यांचा फार गौरव करण्याआधी दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कॅरोल हे मेरीलँडच्या जमीनदारवर्गातले होते आणि हा वर्ग गुलामांच्या श्रमावर उभा होता. त्यात कॅथलिक घराणीही होती, आणि येशूसंघाचे मळेही होते. त्या संघाच्या मेरीलँड प्रांताने १८३८ मध्ये २७२ गुलाम स्त्री-पुरुष आणि मुले लुइझियानातील मळेवाल्यांना विकली, ही गोष्ट आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातून पुसता येत नाही. कॅरोल यांच्या सूचनेतील ‘जनता’ या शब्दात ही माणसे बसत नव्हती. आणि निर्वाचक मंडळाचा जन्म समजून घ्यायचा तर नजर येथेच रोखावी लागते.

कारण खरी अडचण रस्त्यांची किंवा वर्तमानपत्रांची नव्हती. निदान तेवढीच नव्हती. १९ जुलै रोजी मॅडिसन यांनी ती स्पष्ट शब्दांत मांडली. तत्त्वतः लोकांनीच निवड करावी हे उत्तम, पण उत्तरेत मताचा हक्क अधिक लोकांना आहे. दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या संख्येचा तेथील राज्यांना अशा निवडणुकीत काहीच उपयोग होणार नाही. निर्वाचक नेमले की ही अडचण दूर होते. हे कसे? प्रतिनिधीगृहातील जागा वाटताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब परिषदेने आधीच मान्य केला होता. निर्वाचकांची संख्या प्रतिनिधींच्या संख्येवर ठरवली की तोच हिशेब अध्यक्षनिवडीलाही लागू होतो. गुलामाला मत नाही. पण त्याच्या डोक्यामागे तीनपंचमांश वजन त्याच्या मालकाच्या राज्याच्या पारड्यात पडते. १७९० च्या जनगणनेत व्हर्जिनिया आणि पेनसिल्व्हेनिया यांची स्वतंत्र माणसांची संख्या जवळजवळ सारखी होती. पण त्या जनगणनेवरून व्हर्जिनियाला २१ निर्वाचक मिळाले आणि पेनसिल्व्हेनियाला १५. पहिल्या पाच अध्यक्षांपैकी चार व्हर्जिनियाचे, यात केवळ त्या मातीची पुण्याई नव्हती.

ऑगस्टच्या अखेरीस उरलेसुरले प्रश्न सोडवण्यासाठी अकरा जणांची समिती नेमली गेली. मॅडिसन तिच्यात होते, आणि कॅरोलही होते. ४ सप्टेंबर रोजी तिने निर्वाचकांची योजना पुढे ठेवली. निर्वाचक कसे नेमायचे हे प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाने ठरवावे. त्यांनी आपापल्या राज्यात, एकाच दिवशी जमावे, म्हणजे कटकारस्थानाला किंवा परकीयांच्या लाचेला वाव राहणार नाही. कोणालाच बहुमत मिळाले नाही तर निवड सिनेटने करावी. पुढे दोन दिवसांनी सिनेटऐवजी प्रतिनिधीगृह आले, पण तेथेही एका राज्याला एकच मत. मोठ्या राज्यांना पहिल्या फेरीत वजन, लहान राज्यांना दुसऱ्या फेरीत. दक्षिणेला गुलामांचे वजन. आणि लोकांना हक्क मिळेलही, राज्याच्या मनात असेल तर. मेसन यांनी भाकीत केले, की वीसपैकी एकोणीस वेळा कोणालाच बहुमत मिळणार नाही. ते साफ चुकले : प्रतिनिधीगृहावर अध्यक्ष निवडण्याची पाळी आजवर दोनदाच आली, १८०१ आणि १८२५ मध्ये.

येथे एका योगायोगाची नोंद केल्यावाचून राहवत नाही. डॅनियल कॅरोल यांचे धाकटे बंधू जॉन कॅरोल हे धर्मगुरू होते. अमेरिकेला पहिला बिशप देण्याची वेळ आली तेव्हा रोमने, त्या एका वेळेपुरती, निवड तेथील धर्मगुरूंवर सोपवली. १७८९ च्या मे महिन्यात मेरीलँडमधील व्हाइटमार्श येथे धर्मगुरू जमले आणि जवळजवळ एकमताने त्यांनी जॉन कॅरोल यांना निवडले. सहावे पायस यांनी त्याच वर्षी त्यास मान्यता दिली आणि ते बाल्टिमोरचे पहिले महागुरुस्वामी झाले. थोरल्या भावाला देशाच्या घटनेत जे साधले नाही, ते धाकट्याच्या बाबतीत धर्मगुरूंच्या लहानशा मेळाव्यात घडून आले.

हॅमिल्टन यांनी १७८८ मध्ये निर्वाचकांचे जे चित्र रंगवले ते शहाण्यासुरत्या, निःपक्षपाती माणसांचे होते, जी शांतपणे विचार करून सर्वांत योग्य माणूस निवडतील. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या बाबतीत तसे झालेही. पण पक्ष निर्माण झाले आणि दहा वर्षांच्या आत निर्वाचक म्हणजे पक्षाचा निरोप पोहोचवणारा जासूद झाला. १८०० मध्ये जेफरसन आणि त्यांचेच सहकारी आरन बर यांना प्रत्येकी ७३ मते पडली, कारण अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांच्यासाठी वेगळी मते देण्याची तरतूदच नव्हती. प्रतिनिधीगृहात ३६ फेऱ्यांनंतर जेफरसन निवडले गेले. १८०४ मध्ये बाराव्या घटनादुरुस्तीने ही त्रुटी दूर झाली.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली, जिच्याकडे लोकांचे फारसे लक्ष जात नाही, पण परिणामांनी ती कितीतरी मोठी आहे. व्हर्जिनियात निर्वाचक आधी जिल्ह्याजिल्ह्यांतून निवडले जात. १७९६ मध्ये त्यामुळे एक निर्वाचक विरोधी ॲडम्स यांच्याकडे गेला होता. १८०० साली जेफरसन यांच्या पक्षाने नियम बदलला : ज्याला राज्यात अधिक मते, त्याचे सर्वच्या सर्व निर्वाचक. जिल्ह्यांची पद्धत अधिक न्याय्य हे जेफरसन यांनाही मान्य होते; पण इतर राज्ये एकगठ्ठा मते देत असताना आपण वाटून देणे हा शुद्ध मूर्खपणा, असे त्यांचे मत पडले. एकाने केले की दुसऱ्याला करावेच लागते. १८३६ पर्यंत दक्षिण कॅरोलायना सोडून सर्व राज्ये याच वाटेने गेली (त्या राज्यात तर १८६० पर्यंत विधिमंडळच निर्वाचक नेमत असे). अध्यक्षपदासाठी ‘जिंकणाऱ्याला सर्व’ हा नियम घटनेत कोठेही लिहिलेला नाही. आज मेन आणि नेब्रास्का ही दोनच राज्ये तो पूर्णपणे पाळत नाहीत.

१८२४ ची हकीकत थोडक्यात आटोपू. उमेदवार चार, अँड्र्यू जॅक्सन यांना लोकमतही जास्त आणि निर्वाचकही जास्त, पण बहुमत नाही. प्रतिनिधीगृहाने ॲडम्सपुत्र जॉन क्विन्सी यांना निवडले आणि ज्यांनी त्यांना साहाय्य केले ते हेन्री क्ले परराष्ट्रमंत्री झाले. जॅक्सन यांनी चार वर्षे ‘सौदा झाला’ म्हणून रान उठवले आणि १८२८ मध्ये त्याचे उट्टे काढले.

१८७६ ची निवडणूक मात्र अशी दोन वाक्यांत संपत नाही. यादवी युद्ध संपून अकरा वर्षे झाली होती. गुलामगिरी कायद्याने गेली होती, १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने कृष्णवर्णीय पुरुषाला मत मिळाले होते, आणि दक्षिणेतल्या उरल्यासुरल्या ठिकाणी केंद्राचे सैन्य त्या मताचे रक्षण करीत होते. डेमोक्रॅट उमेदवार न्यूयॉर्कचे सॅम्युअल टिल्डन. रिपब्लिकन उमेदवार ओहायोचे रदरफोर्ड हेज. मतदान झाले तेव्हा टिल्डन यांना सुमारे अडीच लाखांची आघाडी होती, तीही एकूण मतांच्या निम्म्याहून अधिक मते घेऊन. निर्वाचक हवे होते १८५. टिल्डन यांच्यापाशी १८४ होते, हेज यांच्यापाशी १६५, आणि वीस जागा वादात होत्या : फ्लोरिडाच्या ४, लुइझियानाच्या ७ आणि एक मिळून ८, दक्षिण कॅरोलायनाच्या ७ आणि ओरेगॉनची १. टिल्डन यांना त्या विसांतली एक हवी होती. हेज यांना वीसच्या वीस हव्या होत्या.

दक्षिणेतल्या तिन्ही राज्यांतून निकालाचे दोन-दोन संच वॉशिंग्टनला आले. डेमोक्रॅटांचे म्हणणे, मते आमची जास्त. रिपब्लिकनांचे म्हणणे, तुम्ही बंदुकीच्या जोरावर कृष्णवर्णीय मतदाराला घरी बसवलेत, ती मते धरायची कशी? दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते. दक्षिण कॅरोलायनातील हॅम्बर्ग गावी त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात कृष्णवर्णीयांची कत्तल झाली होती; आणि रिपब्लिकनांच्या ताब्यातील मतमोजणी मंडळांनी हजारो मते रद्द केली, हेही खरे होते. कोणते निकालपत्र खरे हे कोणी ठरवायचे, याविषयी घटना मूक. शेवटी काँग्रेसने पंधरा जणांचा आयोग नेमला : पाच सिनेटर, पाच प्रतिनिधी, पाच सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. सात एका पक्षाचे, सात दुसऱ्याचे. पंधरावे न्यायमूर्ती डेव्हिड डेव्हिस हे कोणत्याच पक्षाचे नव्हते. ऐन वेळी इलिनॉयच्या विधिमंडळाने त्यांना सिनेटवर निवडून दिले आणि त्यांनी आयोगातून अंग काढून घेतले. त्यांच्या जागी आलेले न्यायमूर्ती ब्रॅडली रिपब्लिकन निघाले. प्रत्येक वादात निकाल एकच : आठ विरुद्ध सात. वीसच्या वीस जागा हेज यांना. २ मार्च १८७७ च्या पहाटे, नव्या अध्यक्षाची मुदत सुरू व्हायला दोन दिवस उरले असता, निकाल जाहीर झाला.

एप्रिलमध्ये हेज यांनी लुइझियाना आणि दक्षिण कॅरोलायना येथील राज्यगृहांभोवतालचे सैन्य हलवले. तेथील कृष्णवर्णीयांचा मताचा हक्क कागदावर राहिला आणि पुढल्या काही दशकांत करांच्या, परीक्षांच्या नि दहशतीच्या साहाय्याने जवळजवळ नाहीसा करण्यात आला. आता निर्वाचक मंडळाचे गणित पाहा. गुलामगिरीच्या काळात पाच कृष्णवर्णीय म्हणजे तीन, असे मोजले जात. गुलामगिरी गेल्यावर पाच म्हणजे पूर्ण पाच मोजले जाऊ लागले. दक्षिणेच्या जागा वाढल्या, निर्वाचक वाढले. आणि मत मात्र पुन्हा गोऱ्यांच्याच हाती राहिले. किती लोकांनी मतदान केले याच्याशी निर्वाचकांच्या संख्येला काही कर्तव्य नसते. प्रत्यक्ष लोकमताने अध्यक्ष निवडला जाता, तर ज्याने शेजाऱ्याला मतदान करू दिले नाही त्याच्या राज्याचे वजन तेवढे घटले असते. या पद्धतीत त्याला काहीच तोटा नव्हता. मताचा हक्क नाकारणाऱ्या राज्याच्या जागा कमी कराव्यात असे चौदावी दुरुस्ती सांगते. ते कलम कधी अमलात आले नाही.

१८७६ च्याच सुमारास जेम्स ब्लेन नावाच्या रिपब्लिकन पुढाऱ्याने एक घटनादुरुस्ती सुचवली होती, धार्मिक संस्थांच्या शाळांना सरकारी पैसा मिळू नये अशी. तिचा रोख कॅथलिक शाळांवर होता हे कोणी लपवीत नव्हते. प्रतिनिधीगृहात ती मंजूर झाली, सिनेटमध्ये पडली. हेच ब्लेन १८८४ मध्ये अध्यक्षपदाला उभे राहिले. गंमत अशी, की त्यांच्या मातोश्री आयरिश कॅथलिक होत्या आणि न्यूयॉर्कच्या आयरिश कॅथलिकांत त्यांना बरीच मते मिळतील अशी चिन्हे होती. २९ ऑक्टोबर रोजी, मतदानाला आठवडा राहिला असताना, न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांनी त्यांचे स्वागत केले. रेव्हरंड बर्चर्ड बोलण्याच्या भरात म्हणाले, की डेमोक्रॅट हा दारू, रोमनपंथ आणि बंडखोरी यांच्या पूर्वपीठिकेचा पक्ष आहे. ब्लेन यांनी ते ऐकले नाही म्हणा, किंवा ऐकून सोडून दिले म्हणा. त्यांनी तेथल्या तेथे निषेध केला नाही. विरोधकांनी मात्र ते वाक्य घरोघर पोहोचवले. त्याच रात्री ब्लेन शहरातील गर्भश्रीमंतांबरोबर मेजवानीला बसले, आणि दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्राने त्या पंगतीचे चित्र बेलशस्सर राजाच्या मेजवानीच्या थाटात काढले. दानिएलाचे पुस्तक वाचणाऱ्यांना भिंतीवरची अक्षरे आठवली असतीलच.

न्यूयॉर्क राज्यात अकरा लाखांवर मते पडली. क्लीव्हलँड तेथे जिंकले ते हजाराहून थोड्याच अधिक मतांनी. जिंकणाऱ्याला सर्व, म्हणून न्यूयॉर्कचे ३६ निर्वाचक त्यांना मिळाले. एकूण २१९ विरुद्ध १८२. ते ३६ पलीकडे गेले असते तर ब्लेन अध्यक्ष होते. एका वाक्याने हे सारे घडले की नाही यावर वाद घालता येईल, त्या राज्यात ब्लेन यांना नडणाऱ्या गोष्टी आणखीही होत्या. पण एका शहरातले पाच-सहाशे आयरिश मजूर सगळ्या देशाचा अध्यक्ष फिरवू शकत होते, हे या पद्धतीचे सामर्थ्य राजकारण्यांनी तेव्हापासून मनात धरले. चार वर्षांनी याच क्लीव्हलँड यांना देशात सुमारे नव्वद हजार मते जास्त पडूनही न्यूयॉर्क हातचे गेले आणि हॅरिसन २३३ विरुद्ध १६८ असे जिंकले.

मोठ्या पक्षाचे पहिले कॅथलिक उमेदवार अल स्मिथ १९२८ मध्ये उभे राहिले. त्यांना शेकडा ४१ च्या आसपास मते मिळाली आणि ५३१ पैकी निर्वाचक मिळाले ८७. जॉन केनेडी यांना १९६० मध्ये ते टोक गाठता आले : ३०३ विरुद्ध २१९. आपल्या घराघरांत पोप महाशयांच्या तसबिरीशेजारी एकेकाळी केनेडींचे चित्र लागले होते, त्या वाचकांना पुढील गोष्ट कदाचित रुचणार नाही. रूढ मोजणीप्रमाणे केनेडी यांना निक्सन यांच्यापेक्षा एक लाखाहून थोडी अधिक मते पडली, म्हणजे शेकडा दोनदशांशही नाही. पण अलाबामात त्या वर्षी मतदार एकेका निर्वाचकाला मत देत. डेमोक्रॅट यादीतील अकरांपैकी पाचच केनेडींना बांधलेले होते. सहा जण कोणालाच बांधलेले नव्हते आणि त्यांनी शेवटी सिनेटर बर्ड यांना मते दिली. मग डेमोक्रॅट यादीची सगळी मते केनेडींच्या नावे कशी मांडायची? ती अकरांत वाटली, तर देशभराच्या लोकमतात निक्सन पुढे निघतात. अमेरिकेच्या पहिल्या कॅथलिक अध्यक्षाला देशात सर्वाधिक मते होती की नव्हती, हे आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

याच केनेडींनी सिनेटर असताना, १९५६ मध्ये, निर्वाचक मंडळाची पद्धत बदलण्याच्या ठरावाला कडाडून विरोध केला होता. राज्ये, सिनेट, प्रतिनिधीगृह आणि अध्यक्ष यांचा समतोल एखाद्या ग्रहमालेसारखा आहे, एकच ग्रह हलवता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. ती केवळ तत्त्वाची नव्हती. सिनेटमध्ये लहान, ग्रामीण राज्यांना वजन. तर अध्यक्षनिवडीत न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, इलिनॉय अशा मोठ्या राज्यांच्या शहरांतील कॅथलिक, यहुदी व कृष्णवर्णीय यांना वजन. १९७९ मध्ये प्रत्यक्ष निवडणुकीचा ठराव सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ४८ असा दोनतृतीयांशाअभावी पडला, तेव्हा विरोधकांत काही कृष्णवर्णीय आणि यहुदी संघटनाही होत्या, त्या याच हिशेबाने. तो हिशेब आम्हांला समजतो. पटत मात्र नाही. आपले मत दुसऱ्याच्या मताहून जड आहे म्हणून पद्धत चांगली, हे म्हणणे व्हर्जिनियाच्या मळेवाल्याच्या तोंडी जितके शोभते तितकेच न्यूयॉर्कच्या आमच्या धर्मबंधूंच्या तोंडी शोभेल.

१९६० ची आणखी एक आठवण सांगितलीच पाहिजे, कारण ती निक्सन यांच्या बाजूची आहे आणि निक्सन यांच्याविषयी चांगले सांगण्याची संधी वारंवार येत नाही. हवाई राज्याने प्रथम निक्सन यांचे निर्वाचक प्रमाणित केले. फेरमोजणीत केनेडी ११५ मतांनी पुढे गेले. ६ जानेवारी १९६१ रोजी काँग्रेसपुढे मोजणीचे अध्यक्षस्थान उपाध्यक्ष या नात्याने होते स्वतः निक्सन यांच्याकडे, आणि हवाईची निकालपत्रे त्यांच्यापुढे परस्परविरोधी. त्यांनी केनेडींची निकालपत्रे ग्राह्य धरण्याचे सुचवले आणि स्वतःचा पराभव स्वतःच्या तोंडाने जाहीर केला. बरोबर साठ वर्षांनी, ६ जानेवारी २०२१ रोजी, त्याच मोजणीच्या वेळी त्याच इमारतीवर जमाव चालून गेला. जो बायडेन यांची, म्हणजे दुसऱ्या कॅथलिक अध्यक्षांची, निवड ३०६ विरुद्ध २३२ आणि सत्तर लाखांहून अधिक लोकमतांनी झाली होती. १८८७ चा मोजणीचा जुना कायदा त्यानंतर, २०२२ मध्ये, दुरुस्त करण्यात आला. २०२४ मध्ये ट्रम्प यांना ३१२ निर्वाचक आणि लोकमतातही आघाडी, दोन्ही मिळाले, आणि वाद काही काळ मागे पडला.

पद्धत बदलणे सर्वांत जवळ आले होते ते १९६९ मध्ये. आदल्या वर्षी वंशभेदवादी जॉर्ज वॉलेस यांनी ४६ निर्वाचक मिळवून दोन्ही पक्षांना घाबरवले होते. सिनेटर बर्च बेय यांच्या पुढाकाराने प्रत्यक्ष लोकमताची घटनादुरुस्ती आली आणि १८ सप्टेंबर १९६९ रोजी प्रतिनिधीगृहाने ती ३३८ विरुद्ध ७० मतांनी मंजूर केली. निक्सन यांनीही पाठिंबा दिला. १९७० च्या सप्टेंबरात सिनेटमध्ये थर्मंड, ईस्टलंड, अर्व्हिन या दक्षिणेतल्या सिनेटरांनी भाषणे लांबवून ती रोखून धरली. चर्चा थांबवण्याचा ठराव दोनदा आला. बाजूने ५४ आणि मग ५३ मते, पण दोनतृतीयांश नाहीत. मॅडिसन यांनी १९ जुलै १७८७ रोजी ज्या अडचणीकडे बोट दाखवले होते, ती १८३ वर्षांनी त्याच दिशेकडून आली.

घटनादुरुस्तीला तीनचतुर्थांश राज्यांची संमती लागते, आणि आजच्या पक्षीय वातावरणात ती मिळणे दुरापास्त आहे. म्हणून काही राज्यांनी वेगळी वाट काढली आहे. देशात ज्याला सर्वाधिक मते पडतील त्याला आमचे सर्व निर्वाचक, मग आमच्या राज्यात निकाल काहीही लागो, असा करार या राज्यांनी आपसांत करायचा. मात्र करारातील राज्यांचे निर्वाचक २७० झाल्याखेरीज तो अमलात यायचा नाही. निर्वाचक कसे नेमायचे ते राज्याने ठरवावे, या १७८७ च्याच कलमाचा आधार त्याला घेतलेला आहे. काँग्रेसच्या संमतीवाचून राज्यांना असा करार करता येतो का, हा प्रश्न न्यायालयात जाईल यात शंका नाही. २०२४ साल संपेपर्यंत सतरा राज्ये आणि राजधानी मिळून २०९ निर्वाचक जमले होते. या करारावर सर्वांत आधी, २००७ मध्ये, सही केली ती मेरीलँडने.